बायकांच्या रकान्यातलं शून्य

सुचिताने २००३ सालचं रजिस्टर उचलून उभं झटकलं, तशी कसर लागलेल्या कागदाची भुकटी टेबलावर सांडली आणि तिला लागोपाठ तीन शिंका आल्या. चौथी तिने नाक दाबून परतवली. समोर अजून एकोणीस रजिस्टरं होती. ट्रस्टच्या या दवाखान्याच्या प्रयोगशाळेत तिची चौतीस वर्षं गेली होती, निवृत्तीला अकरा महिने उरले होते, आणि आयुष्यभर स्वतःच्याच हाताने भरलेल्या वह्या आता पुन्हा पहिल्या पानापासून वाचायची पाळी तिच्यावर आली होती.

ही हौस डॉक्टर क्रांतीची. दीड वर्षापूर्वी रुजू झालेली, गाठी तपासणारी तरुण डॉक्टर. तिला एक निबंध लिहायचा होता. या किनाऱ्यावरच्या मोठ्या माणसांत लाळेच्या ग्रंथींच्या गाठी किती होतात, कोणत्या वयात होतात, कुठे होतात, त्यांतल्या साध्या किती आणि वाईट किती. या गाठी येतात बहुधा कानाखाली, नाहीतर जबड्याखाली. दुखत नाहीत, म्हणून माणसं त्यांना वर्षानुवर्षं पोसतात. कुणी गेरूचा लेप लावतं, कुणी दाढी वाढवतं, कुणी मफलर. गाठ लिंबाएवढी झाली आणि लग्नात फोटो काढायची लाज वाटू लागली की मग दवाखान्याची पायरी चढतात. बावीस वर्षांतली अशी त्रेसष्ट माणसं सुचिताने वह्यांतून वेचून दिली होती. आता प्रत्येकाचा रक्तगट आणि गाव तेवढं पुन्हा ताडून बघायचं राहिलं होतं.

"सुचिताताई, हे बघा ना जरा."

क्रांतीने कॉम्प्युटरचा पडदा तिच्याकडे वळवला. पडद्यावर दोन रेघा चढत-उतरत होत्या, एक निळी आणि एक तांबडी.

"पुरुषांचा डोंगर एकच आहे, पन्नाशीच्या आसपास. बायकांचे दोन आहेत. एक विशी-एकविशीत आणि एक चाळिशीनंतर. मधे जवळजवळ सपाट. असं मी कुठेच छापलेलं वाचलं नाही. आणि दुसरी गंमत. पंचवीस पुरुषांपैकी चौघांची गाठ काढल्यावर परत आली. बायका अडतीस, आणि परत आलेली एकही नाही. शून्य."

"बरंय की," सुचिता म्हणाली. "एक तरी गोष्ट बायकांच्या वाट्याला चांगली आली."

क्रांती हसली. सुचिताने चष्मा पुसला आणि पान उलटलं. केसर नामा शिगवण. वय एकवीस. मुक्काम चिरेवाडी, तालुका म्हसळा. कानाखालची गाठ, उजवी. साधी. शस्त्रक्रिया झाली, दरवर्षी दाखवायला येणे. रक्तगट एबी निगेटिव्ह.

तिचं बोट तिथेच थांबलं. एबी निगेटिव्ह तिने चौतीस वर्षांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच पाहिले होते, आणि त्यांतला शेवटचा गेल्याच आठवड्यात. कल्पिता येसाजी पाष्टे, वय त्रेचाळीस. येत्या गुरुवारी तिची उजव्या कानाखालची गाठ काढायची ठरली होती. रक्त सहज मिळणारं नव्हतं म्हणून सुचिताने तिला विचारलं होतं, भाऊबहीण कुणी आहे का. भाऊ हाय, चिरेवाडीला, असं ती म्हणाली होती.

आणखीही एक गोष्ट होती. गाठीत सुई घालायला बसवलं तेव्हा कुणी न सांगता त्या बाईने कानातली कुडी काढून मुठीत धरली होती, मान डावीकडे वळवली होती आणि दोन बोटांनी कानाची पाळी वर ओढून धरली होती. पहिल्यांदा आलेलं माणूस असं करत नाही. ते सुईकडे बघत राहतं. पाळीमागे एक पांढुरकी रेघ होती, वळण घेऊन केसांत गेलेली. विचारलं तर म्हणाली, लहानपणी कौल पडलं. सुचिताने तेव्हा मान डोलावली होती. दवाखान्यात रोज इतकी कौलं पडतात की एका कौलाचा पंचनामा कोण करत बसणार.

"डॉक्टर," ती म्हणाली, "तुमचे ते दोन डोंगर आहेत ना, ते त्याच त्या बायकांचे असले तर?"

क्रांतीला आधी समजलं नाही. ती नागपूरकडच्या शिकलेल्या घरातली, अजून लग्न न झालेली. सुचिताने तिला समजावून सांगितलं. आपल्याकडे नवरा लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने बायकोचं नवीन नाव लिहितो. आडनाव तर बदलतंच, बापाच्या नावाच्या जागी नवऱ्याचं येतं, गाव बदलतं. विशीत आलेली केसर आपल्या वहीत बरी होऊन कायमची निघून जाते. वीस वर्षांनी तीच गाठ घेऊन कल्पिता येते आणि आपण तिला नवीन नंबर देतो.

"पुरुषाचं नाव जन्मभर तेच. म्हणून त्याची गाठ परत आलेली दिसते."

क्रांतीने पडद्यावरच्या तांबड्या रेघेवर बोट ठेवलं. वर्षभराची मेहनत मातीत चालली होती, तरी तिने पहिला प्रश्न निबंधाचा विचारला नाही, म्हणून सुचिताला ती आवडायची.

"म्हणजे गुरुवारी सर ज्या बाईला हात घालणार आहेत, ती एकदा कापलेली आहे?"

"असेल."

"असेल म्हणून चालणार नाही, ताई. पहिली वेळ असेल तर ते इथे होतं. दुसरी असेल तर मुंबईला पाठवायला हवी. आणि सुईत आलेल्या काही पेशी मला आवडलेल्या नाहीत. जुनी गाठ शेजारी ठेवून बघायला हवी."

जुनी गाठ म्हणजे मेणात बसवलेला नखाएवढा तुकडा, तो खालच्या कपाटात होताच. पण दोन नावांचे तुकडे नुसत्या अंदाजाने एकत्र बांधायचे नाहीत, हे सुचिता एकदा हात पोळून शिकली होती. नोकरीच्या सातव्या वर्षी एकाच गावच्या दोन मनुबाई तिने एक समजून त्यांचे कागद एकाच टाचणीत घातले होते. ज्या मनुबाईला काही झालेलं नव्हतं ती आठ दिवस मरणाची तयारी करत बसली. तेव्हापासून माणसाच्या तोंडून ऐकल्याशिवाय सुचिता दोन कागद जोडत नसे.

"मी फोन करते तिला," क्रांती म्हणाली.

"फोन नवऱ्याचा दिलाय. तोच उचलेल. आणि बाई कौल सांगते आहे, म्हणजे घरात माहीत नसणार. मी जाऊन येते उद्या."

दुसऱ्या दिवशी मंगळवार. आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघीला उतरेपर्यंत ऊन चढलं होतं. तिथून सहाआसनी रिक्षात, कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी बसून, सुचिता म्हसळ्याच्या रस्त्यावरच्या पाष्ट्यांच्या वाडीत पोचली तेव्हा तिचे गुडघे बोलायला लागले होते. भातकापणी ऐन भरात होती. ज्याच्या त्याच्या अंगावर पेंढ्याचं कूस आणि डोळ्यांत झोप. कुणाला कुणाशी बोलायची ताकद नव्हती, आणि सुचिताला ते बरंच वाटलं.

कल्पिताची सासू भागुबाई खळ्याच्या कडेला बसून सूप चालवत होती. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि सुचिताला आपादमस्तक न्याहाळलं.

"दवाखान्यातनं आलाव? एवढ्या लांब? काय वाईट हाय का तिला?"

"नाही हो आजी. रक्ताचा नमुना खराब झाला. परत घ्यावा लागणार."

"खराब झाला म्हंजी? आमच्या घरात कुनाचं रक्त खराब न्हाय. तिच्या म्हायेरचंबी न्हाय, पंचांसमोर इचारून पोरगी केलीय आमी."

सुचिताने तांब्या खाली ठेवला. प्रश्न कुणाला विचारायचा नाही, ते तरी कळलं होतं.

कल्पिता खालच्या शेतात एकटीच कापत होती. सुचिताला बांधावरून उतरताना पाहून तिने कमर सरळ केली, विळा मात्र हातातच ठेवला.

"रक्त घ्यायचं तर घरी चला, म्याडम. हितं चिखुल हाय."

"रक्त नको. एकच विचारायला आलेय. आमच्या वहीत दोन हजार तीन साली चिरेवाडीची एक केसर आहे. ती तूच ना?"

"कोन केसर?"

ती पुन्हा वाकली आणि तिने दोन मुठी भात कापलं. सुचिता बांधावरच बसली. तिला घाई नव्हती आणि उभं राहण्याचा जोरही नव्हता. तिसरी मूठ कापताना विळा थांबला.

"त्या पोरीचं आता काय काम काढलंव तुमी?"

"तोंडाची नस त्या ग्रंथीतून जाते. पहिल्यांदा कापताना सर्जनला ती नीट सापडते. एकदा कापून शिवलेलं असलं की आत सगळं चिकटलेलं असतं. नस तुटली तर डोळा मिटणार नाही, ओठ लोंबेल, चहाचा घोट तोंडाच्या कोपऱ्यातून गळेल. मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात नस ओळखायचं यंत्र असतं, तिथे जावं लागेल. आणि गाठ साधीच राहिली आहे का, तेही जुनी गाठ बघितल्याशिवाय कळणार नाही. तू नुसतं हो म्हण. बाकीचं आम्ही बघतो."

"केसर मेली असं लिवा."

"कल्पिता."

"लिवा म्हणते ना. कोन इचारायला येनार हाय?" तिने विळ्याच्या पात्यावरचं कूस बोटाने काढलं. "सुपारी फुटली तवा पंचांनी बाबांना इचारलं, पोरीला कवा काय दुखनं-बिखनं झालंय? बाबांनी नारळावर हात ठेवला नि सांगितलं, काय न्हाय. माझी पट्टी निघून चार म्हयनं झाले होते. मीच त्यांना शप्पथ घातली होती, सांगितलंत तर हिरीत उडी घेईन म्हनून. त्याआधी दोन ठिकाणं मोडली होती. जलमात खोटं बोलले न्हवते ते. माझ्यापायी बोलले."

"ते आहेत का आता?"

"बारा वर्सं झाली जाऊन. मी आता हो म्हटलं तर म्हातारी त्यांना मसनातनं उठवून खोटारडा म्हनंल. दर सणाला म्हनंल."

"आणि नवरा?"

"ते काय बोलायचे न्हायत. पन मनात धरतील. बाबांना ते देवावानी मानायचे." तिने पुढची मूठ धरली. "माझं तोंड वाकडं झालं तर होऊ दे. मी कुठं नाटकात काम करते."

सुचिताला तिचा राग आला आणि त्या रागासकट तिच्याजवळ बसून राहावंसंही वाटलं. त्रेचाळीस वर्षांची बाई, मुलगी पनवेलला नर्सिंग शिकणारी, आणि अजून एकवीस वर्षांच्या पोरीसारखी बापासाठी भांडत होती.

"तुमी सांगनार न्हाय ना कुनाला?"

"मी माझ्या तोंडून सांगणार नाही," सुचिता म्हणाली. "पण उद्या सर्जन तुला विचारतील. रात्रभर विचार कर."

"इचार करायला रात लागत न्हाय मला," कल्पिता म्हणाली आणि कापायला लागली.

येसाजी पाष्टे वरच्या वाटेवर मोटारसायकल घेऊन उभा होता. कल्पिताचा नवरा. थोराड, पिकल्या मिशांचा, मुंबईत पंधरा वर्षं गोदामात काढून गावी परतलेला. रिक्षा आता संध्याकाळशिवाय नाही, दिघीला सोडतो, एवढंच तो म्हणाला.  खड्डा आला की तो आधीच वेग कमी करत होता.

दिघीच्या धक्क्यावर फेरीबोट अजून पलीकडच्या काठाला होती. त्याने गाडी उभी केली, चावी काढली आणि ती तळहातावर उलटीसुलटी करत राहिला.

"रक्तासाठी कोन एवढ्या लांब येत न्हाय, मॅडम."

सुचिताने पलीकडच्या काठाच्या बोटीकडे पाहिलं.

"पयल्या ऑपरेशनाचं इचारायला आला होता ना?"

धक्क्याच्या कडेला एक दगडी खुंट होता. सुचिता जाऊन त्यावर बसली.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मामांनी. म्हंजे तिच्या वडलांनी. हळदीच्या आदल्या दिवशी चिरेवाडीहून चालत आले. मला गोठ्यामागं नेलं. म्हनाले, मी नारळावर हात ठेवून खोटं बोललोय, मला झोप न्हाय. पोरीची गाठ काढलेली हाय. तुला मोडायचं तर आज मोड. मी गावात सांगीन की मीच मोडलं म्हनून. मी म्हनालो, मोडत न्हाय. तवा त्यांनी माझे दोनी हात धरले. म्हनाले, मी सांगितलं हे तिला कवा कळू देऊ नको, तिनं मला शप्पथ घातलीय." येसाजीने चावी खिशात टाकली. "तिला वाटतं मला ठावं न्हाय. वाटू दे म्हटलं."

"दरवर्षी दाखवायला आणायचं, हे सांगितलं होतं त्यांनी?"

"सांगितलं होतं."

"मग?"

"काय म्हनून आनायचं? चल दवाखान्यात, तर ती म्हननार कशाला. पयली दोन-तीन वर्सं ध्यानात होतं. मंग पोरगी झाली. मंग मी मुंबईला. बरी दिसत होती ती."

"आणि गाठ परत आली तेव्हा? कागदावर तिने सात वर्षं लिहिलंय."

येसाजीने गाडीचा आरसा शर्टाच्या बाहीने पुसला. पुसून झाल्यावर पुन्हा पुसला.  सुचिताला वाटलं, दोघांची डोकी धरून एकमेकांवर आपटावीत. एकमेकांना इतकं जपणारं जोडपं तिने पाहिलं नव्हतं, आणि त्या जपण्याची किंमत त्या बाईच्या कानाखाली सात वर्षं वाढत होती.

"आता तरी सांगा तिला."

"मामांना शबूद दिलाय."

"मामा नाहीत आता."

"म्हनून तर," येसाजी म्हणाला. "ते असते तर जाऊन परत मागितला असता." मग म्हणाला, "तुमीच डॉक्टरला हळूच सांगा ना."

"बाई स्वतः नाही म्हणत असताना माझ्या सांगण्याला काडीची किंमत नाही. उद्या तुम्ही सोबत याल ना?"

"येईन."

"मग तिथे तुमच्याही पुढ्यात विचारतील."

बोट लागली. गाड्या चढवणाऱ्या माणसाच्या शिट्ट्या सुरू झाल्या. सुचिता उठली, तेव्हा तो तिला हात देण्यासाठी पुढे झाला, आणि तिने हात घेतला नाही. बोटीवर बसल्यावर तिला त्याचं वाईट वाटलं. पण परत वळून बघण्याइतकं त्राण नव्हतं.

बुधवारी दुपारी सर्जन आले. ते दर आठवड्याला मुंबईहून येत, बुधवारी माणसं तपासत आणि गुरुवारी शस्त्रक्रिया करत. कल्पिताचा नंबर एकतिसावा होता. क्रांतीने त्यांना संशय आधीच सांगून ठेवला होता. ते म्हणाले होते, विचारतो मी, पण ती नाहीच म्हणाली तर संशयावरून कुणाला मुंबईला पिटाळता येत नाही, अशी पिटाळलेली माणसं तिकडे जातच नाहीत, घरी बसतात.

सुचिता काचपट्ट्यांचा ट्रे घेऊन खोलीत कोपऱ्यात उभी राहिली. कल्पिता स्टुलावर बसली होती, येसाजी तिच्या मागे. सर्जननी गाठ बोटांनी चाचपली, मग कानामागची रेघ.

"हे काय आहे?"

"कौल पडलं होतं, ल्हानपनी."

"यापूर्वी इथे ऑपरेशन झालंय?"

"न्हाय."

"आठवून सांगा. महत्त्वाचं आहे."

"न्हाय झालं," कल्पिता म्हणाली. आवाज स्वच्छ होता. रात्रभर तिने तो घोटून ठेवला असणार.

सर्जननी येसाजीकडे पाहिलं. येसाजी जमिनीवरच्या फरशीकडे बघत होता. सर्जननी पेन उघडलं आणि लिहायला सुरुवात केली. पहिला शब्द कागदावर उमटताना सुचिताला दिसला. तिने ट्रे टेबलावर ठेवला. कल्पिताला तिने तोंडाने शब्द दिला होता, आणि येसाजीचं गुपितही पोटात ठेवलं होतं. चौतीस वर्षांत तिने कधी डॉक्टरांच्या मध्ये तोंड घातलं नव्हतं.

"सर, एक मिनिट. माझ्या फॉर्मवर एक जागा रिकामी आहे." तिने एप्रनच्या खिशातून कागद काढला. ती जागा काल बोटीतून उतरल्यावर तिने पट्टीने आखून स्वतःच तयार केली होती. "पाष्टे, यांचं माहेरचं नाव सांगा. संपूर्ण."

कल्पिताची पाठ ताठ झाली.

"मी सांगते की..."

"ते सांगतील," सुचिता म्हणाली.

येसाजीने मान वर केली. त्याने सुचिताकडे पाहिलं, मग बायकोच्या मानेकडे, जिथे केस सावरून व्रण उघडा ठेवलेला होता.

"केसर," तो म्हणाला. "केसर नामा शिगवण. चिरेवाडी." आणि मग थांबला असता तरी चाललं असतं, पण थांबला नाही. "तिचं ऑपरेशन झालंय, डॉक्टर. हितंच. आमच्या लग्नाच्या सा म्हयनं आधी. उजव्या कानाखाली."

सर्जननी लिहिलेली ओळ खोडली. "मग मुंबई," ते म्हणाले. त्यांनी दोघांना उद्देशून बरंच काही समजावून सांगितलं. नस, यंत्र, पुन्हा कसून तपासणी. वाईट असेलच असं नाही, पण उशीर झाला आहे. मग ते पुढच्या माणसाला हाक मारायला म्हणाले. त्यांच्या बोलण्यातलं कल्पिताने किती ऐकलं कोण जाणे. ती उठली आणि बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसली. येसाजी तिच्या मागोमाग गेला.

सुचिता दारातच थांबली. 

"ह्यांनी सांगितलं तुमाला?" कल्पिताने सुचिताकडे बोट केलं.

"न्हाय," येसाजी म्हणाला. "बाबांनी. तुझ्या. हळदीच्या आदल्या दिवशी चालत आले होते. लग्न मोड म्हनाले पायजे तर, सगळं माझ्या अंगावर घेतो म्हनाले. ते खोटं बोलून ऱ्हायले न्हायत, केसर."

एकवीस वर्षांनी ते नाव त्याच्या तोंडून आलं आणि ते त्याच्या तोंडात बसेना. कल्पिताने डोळे मिटले. बापाचा नारळावरचा हात तिने इतकी वर्षं डोक्यावर वाहिला होता. तो आता उतरायला हवा होता, आणि काही क्षण तो उतरल्यासारखा तिचा चेहरा सैल झालाही. सुचिताने सुटकेचा श्वास घेतला.

मग कल्पिताने डोळे उघडले.

"म्हंजे तुमाला ठावं होतं."

"व्हय."

"गाठ परत आली तवाबी."

येसाजीने खांबाला हात टेकला.

"सात वर्सं मी उशीत गाल खुपसून झोपले. तुमाला दिसू नये म्हनून. सकाळी कान बधिर असायचा."

"ठावं होतं," येसाजी हळू म्हणाला.

 तिने आवाज चढवला नाही, रडलीही नाही. हातातली पिशवी तिने बाकावर आपल्या शेजारी ठेवली. बाक दोघांपुरताच होता. येसाजी उभाच राहिला.

मुंबईची चिठ्ठी छापून यायला अर्धा तास लागला. तोवर क्रांती आपल्या तक्त्यासमोर बसली होती. तिने शून्य खोडून तिथे एक लिहिलं होतं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं होतं.

"विशीतल्या अकरा जणी आहेत अजून," ती म्हणाली. "सगळ्यांना शोधावं लागेल ना, ताई?"

"शोधू," सुचिता म्हणाली. "आधी माहेरच्या गावांना जायचं. कुठे दिली ते आई सांगते."

ती चिठ्ठी घेऊन बाहेर आली तेव्हा पिशवी होती तिथेच होती आणि येसाजी खांबाला टेकला होता. सुचिताने कोणत्या वारी जायचं, कुठल्या खिडकीवर चिठ्ठी दाखवायची, जुना तुकडा कसा सोबत द्यायचा, सगळं सांगितलं. मग ती म्हणाली,

"सोबत घरचं एक माणूस लागेल. दोन दिवस राहायला आणि सहीला. कोण येणार?"

येसाजी खांबापासून सुटून एक पाऊल पुढे आला.

"पोरीला नेते," कल्पिता म्हणाली. "आज घरी गेल्यावर तिला फोन करनार हाय. पयल्यापासनं समदं सांगनार हाय." तिने पिशवी उचलून खांद्याला लावली. "ती बोलते. मनात आलं की बोलून टाकते."

सुचिताने चिठ्ठीच्या खाली मुलीचं नाव लिहून घेतलं आणि फोन नंबर विचारला. कल्पिताला तो आठवेना. तो येसाजीने सांगितला, एकेक आकडा सावकाश, दोनदा.